चुनखडी ते चुना: दख्खनमधील एका रासायनिक उद्योगाचा इतिहास

चुना हा माणसाने जाणूनबुजून घडवून आणलेल्या सर्वांत जुन्या रासायनिक बदलांपैकी एकाचा परिणाम आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिची कळी होते. कळीवर पाणी पडले की ती तापते, फुलते आणि तिचे पीठ होते. हेच पीठ वाळूसह भिंतीत बसले की हवेच्या संगतीने हळूहळू पुन्हा चुनखडीच होते. या तीन टप्प्यांत पदार्थ तीनदा पालटतो आणि अखेरीस मूळ रूपावर येतो. भट्टीपाशी काम करणाऱ्यांजवळ रसायनशास्त्र नव्हते. वजन, रंग, आवाज, ऊब आणि हाताला लागणारा चिकटपणा या भौतिक गुणधर्मांवरून ते आतला रासायनिक बदल पुरा झाला की नाही हे ठरवत. महाराष्ट्रातील चुन्याचा इतिहास हा मुख्यतः या पारखीचा इतिहास आहे.

तीन टप्पे

चुनखडी म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट. दगड फोडला, कुटला, त्याची पूड केली तरी त्यातला पदार्थ बदलत नाही. आकार बदलतो, रंगाची छटा बदलते, पण पुडीचा प्रत्येक कण चुनखडीच राहतो. हा भौतिक बदल. तीच चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिचे विघटन होते. कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कॅल्शिअम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, मागे उरतो. शुद्ध चुनखडीच्या १०० भागांतून ४४ भाग वायू जातो आणि ५६ भाग कळी उरते. दगडाचा आकार जवळपास तसाच राहतो, पण तो हलका आणि सच्छिद्र होतो. भट्टीतून काढलेला खडा हातात घेऊन तोलणारा कारागीर नकळत हा वायू गेला की नाही तेच तपासत असे.

दुसरा टप्पा चुना विरवण्याचा. कळीवर पाणी टाकले की कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, तयार होतो. या क्रियेत फार मोठी उष्णता बाहेर पडते. एक किलो शुद्ध कळीतून निघणारी उष्णता सुमारे तीन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. खडे सुसकारतात, तडकतात, वाफ उठते, आणि मूळच्या कळीच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक जागा व्यापणारे मऊ पीठ उरते. याच कारणाने कळीची वाहतूक धोक्याची ठरे. पावसात भिजलेली कळी गाडीला किंवा पडावाला आग लावू शकते.

विरलेला चुना पाण्यात थोडाच विरघळतो, लिटरला जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम. साखर किंवा मीठ गरम पाण्यात जास्त विरघळते, चुना मात्र गरम पाण्यात कमी विरघळतो. वर उरलेले स्वच्छ पाणी म्हणजे चुन्याची निवळी. तिच्यात श्वास फुंकला की ती दुधाळ होते, कारण श्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे चुनखडीचे बारीक कण पुन्हा तयार होतात. भिंतीत घडणारा तिसरा टप्पा हाच, फक्त अतिशय संथ. हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण अवघे ०.०४ टक्क्यांच्या आसपास असते आणि तो ओलसर चुन्यात बाहेरून आत झिरपावा लागतो. त्यामुळे गिलाव्याचा पृष्ठभाग लवकर कडक होतो, पण जाड भिंतीच्या गाभ्यातला चुना दगड व्हायला कित्येक वर्षे लागतात.

खडक आणि पाऊस यांनी ठरवलेला कच्चा माल

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. लाव्हाच्या थरांनी बनलेल्या या पठारावर चुनखडीचे खडक जवळजवळ नाहीत. तरीही देशावरच्या गावोगावी चुना होत असे, तो मातीतल्या कंकराच्या जोरावर. बेसाल्ट झिजतो तेव्हा त्याच्या खनिजांतील कॅल्शिअम सुटे होते. पाऊस कमी असलेल्या प्रदेशात ते वाहून जात नाही. मातीतले पाणी आटते आणि कॅल्शिअम कार्बोनेटच्या गाठी काळ्या मातीत, ओढ्यांच्या काठी, नदीच्या दरडींत साठत जातात. शेतकऱ्याला नांगराआड येणारी ही गाठ नकोशी, पण भट्टीवाल्यासाठी तोच कच्चा माल.

कंकर शुद्ध नसतो. त्यात चिकणमाती मिसळलेली असते आणि तिच्याबरोबर सिलिका व अ‍ॅल्युमिना येतात. भट्टीत यांचा कॅल्शिअमशी संयोग होऊन काही सिलिकेटे तयार होतात. ती हवेवर अवलंबून न राहता पाण्याशी संयोग पावून घट्ट होतात. त्यामुळे कंकराचा चुना रंगाने मळकट असला तरी ओलीत आणि पाण्याखालीही धरतो. शुद्ध चुना पांढराशुभ्र, पण तो घट्ट व्हायला हवा लागते. पांढरा चुना सफेदीला आणि वरच्या गिलाव्याला, कंकराचा चुना पायाला आणि बांधाला, अशी विभागणी गुणधर्मांतूनच आली.

कोकणात मुसळधार पावसाने मातीतले कॅल्शिअम धुऊन जाते आणि जांभा उरतो. तेथे कंकर मिळत नाही. ती उणीव समुद्राने भरून काढली. शिंपले आणि कालवांची कवचे ही जवळपास निव्वळ कॅल्शिअम कार्बोनेटचीच असतात. पूर्वेला विदर्भात चित्र पुन्हा वेगळे आहे. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत बेसाल्टच्या खालचे, त्याहून कितीतरी प्राचीन चुनखडीचे थर उघडे पडले आहेत. पठारावर कंकर, किनाऱ्यावर शिंपले आणि विदर्भात खडक, अशा तीन मुळांतून महाराष्ट्राचा चुना आला.

इनामगावपासून यादवांपर्यंत

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी वसलेल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील या ताम्रपाषाणयुगीन खेड्यात कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती. कुंभार, सोनार यांच्याबरोबर तेथे चुना करणाऱ्याचीही खूण मिळाली. म्हणजे लोखंडाचा वापर रुळण्याआधीच दख्खनच्या शेतकरी वस्तीत चुना भाजणारा स्वतंत्र कारागीर होता. मडके भाजणे आणि चुना भाजणे या दोन्ही कामांत उष्णतेने पदार्थ कायमचा बदलतो. दोन्हींसाठी जाळ धरून ठेवण्याचे कसब लागते.

पुढच्या काळात चुना कलेतही उतरला. अजिंठ्याच्या लेण्यांत खडबडीत खडकावर आधी मातीचा गिलावा दिला गेला. त्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू मिसळले होते. त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन चित्रे रंगवली गेली. चुन्याच्या त्या पातळ थराने रंगांना उजळ आणि गुळगुळीत पार्श्वभूमी दिली.

यादवकाळातील, हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंदिरांत मात्र सांध्यांत चुना नाही. घडीव दगड एकमेकांत खाचा करून आणि स्वतःच्या वजनावर बसवले आहेत. आडव्या तुळया आणि उभे खांब यांच्या रचनेत दगडाचे वजन सरळ खाली जाते, म्हणून सांधणाऱ्या द्रव्यावाचून काम भागते. चुना माहीत असूनही त्याची गरज पडली नाही, हे या मंदिरांचे तंत्र सांगते.

कमानी, घुमट, नहरी आणि दुर्ग

चौदाव्या शतकापासून बहमनी आणि पुढे निजामशाही, आदिलशाही राजवटींत कमानी आणि घुमट यांची बांधकामे वाढली. कमानीत आणि घुमटात छोटे दगड किंवा विटा वक्राकार रचाव्या लागतात. त्यांच्यामधली फट भरून दाब सारखा वाटून देणारे द्रव्य लागते. चुन्याची मागणी त्यामुळे कित्येक पटींनी वाढली. विजापूरच्या गोल घुमटाचा सुमारे ४४ मीटर बाह्य व्यासाचा घुमट विटा आणि चुना यांचाच आहे. औरंगाबादमध्ये, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १६६०-६१ च्या सुमारास पूर्ण झालेल्या बीबी का मकबऱ्यात संगमरवर थोडकाच आहे. उरलेल्या भागाची शुभ्र झळाळी घोटून गुळगुळीत केलेल्या चुन्याच्या गिलाव्याची आहे. ओला गिलावा दगडाने घोटत राहिले की वरचे कण दाट बसतात आणि हवा लागून त्या थराचा कठीण, चमकदार पृष्ठभाग होतो.

पाणी वाहून नेण्याच्या कामांत कंकराचा चुना आणि सुरखी यांचे महत्त्व दिसते. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. भाजलेल्या चिकणमातीतील सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि पाण्यातही टिकणारे संयुग तयार होते. सतराव्या शतकात मलिक अंबरने औरंगाबाद शहरासाठी खोदवलेली नहर आणि अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात आणलेले पाणी, ही कामे अशा पाणी धरणाऱ्या बांधकामावाचून उभी राहिली नसती.

सिंधुदुर्गाच्या पायाभरणीत पदार्थांच्या दोन प्रकारच्या बदलांचा वापर शेजारीशेजारी झाला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या बेटावर शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला. पायाचे चिरे शिसे ओतून बसवले गेल्याची परंपरा आहे. शिसे ३२७ अंशांना वितळते आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होते. हा निव्वळ भौतिक बदल आहे. वितळण्याआधी आणि नंतरही ते शिसेच असते. लाटांचा मारा चालू असताना ते काही क्षणांत घट्ट होते. पाण्यावरच्या तटबंदीला चुना चालतो, कारण तेथे त्याला घट्ट व्हायला अवधी मिळतो. लाटांखाली ताजा चुना घट्ट होण्याआधीच धुऊन गेला असता.

लोणारी, भट्टी आणि घाणी

देशावर चुना भाजण्याचा धंदा प्रामुख्याने लोणारी समाजाकडे होता. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये लोणाऱ्यांची नोंद चुना करणारे म्हणूनच आहे. कोळसा पाडणे हे त्यांचे जोडकाम. ते स्वाभाविकच होते, कारण भट्टीला लागणारे इंधन तेच होते. गोळा केलेला कंकर आधी धुऊन त्याला चिकटलेली माती काढायची, मग भट्टीत इंधनाचा एक थर आणि कंकराचा एक थर असे आलटून पालटून रचून खालून जाळ लावायचा, अशी पद्धत होती.

जाळ किती द्यायचा यात सारे कौशल्य होते. कमी भाजलेल्या खड्याच्या पोटात चुनखडी तशीच राहते. तो जड लागतो आणि पाणी टाकल्यावर विरत नाही, चाळताना वर उरतो. जास्त तापलेली कळी याहून घातक. तिचे कण आक्रसून दाट होतात आणि पाणी आत जायला उशीर लागतो. अशी कळी गिलाव्यात गेली तर काही महिन्यांनी विरू लागते, फुगते आणि भिंतीवरचा पोपडा उडवते. म्हणून चांगला कारागीर विरवलेला चुना लगेच वापरत नसे. तो हौदात पाण्याखाली मुरत ठेवी. मुरण्याच्या काळात उशिरा विरणारे कणही विरतात आणि चुना लोण्यासारखा मऊ होतो.

मुरलेला चुना वाळू किंवा सुरखीसह घाणीत दळला जाई. जमिनीत दगडी वर्तुळाकार चर, मध्ये खुंट, चरातून फिरणारे दगडी चाक आणि ते ओढणारे बैल, अशी ही घाणी असे. लोहगड आणि तिकोना या मावळातील किल्ल्यांवर चुन्याच्या घाणी आजही पाहायला मिळतात. किल्ल्यावर बांधकाम काढायचे तर घाणीही तेथेच घालावी लागे, कारण दळलेला ओला चुना गडावर चढवण्यापेक्षा हलकी कळी वर नेणे सोपे आणि ताजा दळलेला चुना भिंतीला चांगला धरतो. दळण्याने वाळूच्या प्रत्येक कणावर चुन्याचे लेपन होते. मिश्रणाचा रासायनिक घटक न बदलता केवळ कणांची मांडणी बदलून त्याची ताकद वाढवणारा हा भौतिक संस्कार होता.

चुन्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर, उडदाचे पीठ, मेथी, तंतूंसाठी ताग किंवा अंबाडी घालण्याचीही चाल होती. यांतल्या काहींची कारणे आज कळतात. साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक विरघळतो, त्यामुळे गुळाच्या पाण्याने चुना खोलवर मुरतो आणि सावकाश घट्ट होतो. तंतू गिलाव्याला वाळताना तडे जाऊ देत नाहीत.

किनाऱ्यावरचा शुभ्र चुना

कोकण आणि गोव्यातील शिंपल्यांचा चुना मातीविरहित आणि म्हणून शुभ्र. जांभ्याचा सच्छिद्र चिरा पावसात पाणी पितो, त्याला चुन्याचा गिलावा आणि दरवर्षीची सफेदी हे कवच लाभले. याच शुभ्रतेतून कावी कला फुलली. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल काव मिसळलेल्या चुन्याचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा थर उघडा करायचा. काव हे लोहाचे ऑक्साइड असल्याने चुन्याच्या तीव्र अल्कलीने त्याचा रंग मरत नाही. थर सुकताना चुना कार्बोनेट बनतो आणि रंगाचे कण त्यात अडकून राहतात. गोव्यात मोरजी येथील मोरजाईच्या मंदिरात या कलेचे नमुने आहेत. मुंबईत शीवजवळच्या चुनाभट्टी या वस्तीचे नाव तेथे पूर्वी चालणाऱ्या भट्ट्यांची नोंद ठेवते.

घरातील चुना

बांधकामाबाहेर चुन्याने घरगुती जीवनात जे स्थान मिळवले तेही त्याच्या अल्कली गुणामुळे. विड्यात कात आणि चुना एकत्र आले की तोंड रंगते, कारण कातातील द्रव्ये अल्कलीत ऑक्सिडीकरण पावून लाल होतात. हळदीतील कर्क्युमिन चुना लागताच लालसर होते. हळद, टाकणखार, लिंबाचा रस आणि चुना यांच्यापासून कुंकू करण्याची परंपरा याच रंगबदलावर उभी आहे. पंढरपुरात हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालला. उसाचा रस उकळताना त्यात चुन्याची निवळी घातली की रसातील आम्ल कमी होते, मळी वर येते आणि गूळ स्वच्छ होतो. कोल्हापूरच्या गुऱ्हाळांपासून साखर कारखान्यांपर्यंत हे तत्त्व एकच आहे.

प्लेगच्या साथीत चुन्याला सरकारी औषधाचे स्वरूप आले. १८९६-९७ मध्ये मुंबई आणि पुण्यात घरे रिकामी करून भिंतींना चुना फासण्याची मोहीम झाली. ताज्या चुन्याच्या तीव्र अल्कलीत जंतू मरतात हे खरे होते, परंतु प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले, आणि भिंतींच्या सफेदीने साथ का आटोक्यात आली नाही ते त्यातून उमगले.

शास्त्राची उकल आणि धरणे

चुन्याच्या या टप्प्यांचे शास्त्रीय स्पष्टीकरण युरोपात अठराव्या शतकात झाले. एडिंबरोचे जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तराजू निर्णायक ठरला. चुनखडी तापवल्यावर घटणारे वजन हे निघून गेलेल्या एका विशिष्ट हवेचे आहे आणि तीच हवा परत मिळाली की कळीची पुन्हा चुनखडी होते, हे त्यांनी मोजून दाखवले. ती हवा म्हणजे कार्बन डायऑक्साइड. त्याच दशकात जॉन स्मीटन यांनी इंग्लंडच्या एडिस्टन दीपगृहासाठी चुन्याच्या चाचण्या घेतल्या आणि चिकणमाती असलेल्या चुनखडीचा चुनाच पाण्यात घट्ट होतो असे त्यांना आढळले. दख्खनचा कारागीर कंकराच्या चुन्यावर पायाचे काम सोपवत होता, त्यामागचे कारण हेच होते. १८०८ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शिअम हा धातू वेगळा केला.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी मुंबई इलाख्यातील मोठ्या पाणीकामांनी चुन्याला त्याचे सर्वांत मोठे काम दिले. १८७० च्या दशकात मुठेवर खडकवासल्याचे दगडी धरण उभे राहिले. १८९२ मध्ये मुंबईला पाणी देणारे तानसा धरण पूर्ण झाले. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ८२ मीटर उंचीचे हे धरणही दगड आणि चुना यांचेच आहे.

सिमेंट, आणि चुन्याचे परत येणे

इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आजचे सिमेंट चुनखडी आणि चिकणमाती यांचे मिश्रण सुमारे १४५० अंशांवर भाजून होते. कंकरात निसर्गाने केलेले मिश्रण कारखान्यात मोजून केले जाते, इतका हा जवळचा नातेसंबंध आहे. भारतात १९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंटचे यशस्वी उत्पादन सुरू झाले आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन मुंबईत असोसिएटेड सिमेंट कंपनीज स्थापन झाली. सिमेंट काही तासांत धरते आणि काही आठवड्यांत पूर्ण ताकद घेते. हवेची वाट पाहणारा चुना या वेगापुढे मागे पडला. देशावरच्या भट्ट्या विझल्या आणि लोणाऱ्यांचा धंदा मोडला. विदर्भात मात्र दगड आणि कोळसा एकाच टापूत असल्याने चुन्याचा उद्योग टिकला. वणीजवळच्या राजूर भागात चुनाभट्ट्या राहिल्या, तर चंद्रपूरच्या राजुरा-कोरपना पट्ट्यात त्याच दगडावर मोठे सिमेंट कारखाने उभे राहिले.

जुन्या इमारतींच्या जतनात चुना पुन्हा आवश्यक ठरला आहे. सिमेंट कठीण आणि ओल न सोडणारे असते. जुन्या भिंतीवर त्याचा गिलावा दिला तर आतला ओलावा कोंडला जातो, क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी जमून स्फटिकरूप होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुन्याचा सांधा सच्छिद्र आणि दगडापेक्षा मऊ असतो. ओल त्यातून बाहेर पडते आणि हालचालीचा ताण दगडाऐवजी सांधा सोसतो. सूक्ष्म भेगांतून झिरपणारे पाणी थोडा चुना विरघळवून पुन्हा कार्बोनेटच्या रूपात बसवते, त्यामुळे लहान भेगा आपोआप बुजतात. संवर्धक म्हणूनच मूळ सांध्याचे पृथक्करण करून, त्यातील वाळू, सुरखी आणि चुना यांचे प्रमाण ठरवून, तसाच चुना पुन्हा घाणीत दळून घेतात.

चुन्याने इतिहास मोजण्याचे एक साधनही दिले आहे. भिंतीतला चुना घट्ट होताना त्या काळच्या हवेतील कार्बन शोषून घेतो. त्यातील कार्बन-१४ चे प्रमाण मोजून बांधकामाचा काळ काढता येतो, मात्र न भाजलेल्या चुनखडीचे कण आणि उशिरा घट्ट झालेला गाभा त्या नमुन्यातून वगळावे लागतात. चुन्याच्या सांध्याच्या ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंगसूचक टाकले की जेथे चुना अजून अल्कली आहे तेथे गुलाबी रंग येतो आणि जेथे त्याची चुनखडी झाली आहे तेथे रंग येत नाही. कारागीर जो बदल वजनाने आणि स्पर्शाने ओळखत असे, तो आता रंगाने आणि अणूंच्या मोजणीने ओळखला जातो.